पोर्टल ‘बसतं’ तेव्हा आत नेमकं काय संपतं? सीपीयू, डिस्क आणि आधी न ठरवलेल्या मर्यादा

२१ मे २०२५. दहावीचा निकाल लागून आठ दिवस झाले होते. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची नोंदणी त्या दिवशी सुरू व्हायची होती, आणि पहिल्यांदाच ती अख्ख्या महाराष्ट्रासाठी एकाच पोर्टलवर होती. त्याआधी हा प्रकार मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरता होता. आपल्या जिल्ह्यात अमरावती शहरातली पोरं ऑनलाइन अर्ज भरायची. अंजनगाव सुर्जीतला विद्यार्थी मात्र सरळ कॉलेजात जाऊन फॉर्म घ्यायचा आणि तिथेच भरून द्यायचा. २०२५ पासून तोही त्याच ऑनलाइन रांगेत आला. राज्यातली नऊ हजारांहून जास्त कनिष्ठ महाविद्यालयं आणि वीस लाखांहून जास्त जागा एकाच दारातून भरायच्या होत्या.

ते दार पहिल्याच दिवशी उघडलं नाही. शेवटी नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली.

अशा दिवशी तालुक्याच्या नेट कॅफेत काय चालतं, हे सगळ्यांना माहीत आहे. “दादा, होते का पाहा ना.” “थांब ना बाबू, गोल गोलच फिरून रायलं.” खेड्यातून एसटीने आलेली आई बाकावर बसलेली, तिची त्या दिवसाची मजुरी बुडालेली. संध्याकाळी एकच वाक्य ऐकू येतं, “सर्वर डाऊन हाय, उद्या या.”

‘सर्वर डाऊन’ हे वाक्य आपण ‘पाऊस आला’ म्हणावं तसं म्हणतो, जणू त्यात कोणाचाच हात नाही. पण सर्व्हर म्हणजे एक कॉम्प्युटर. त्याच्याकडे मोजता येतील अशा तीन-चार गोष्टी असतात आणि त्यातली एखादी संपते. कोणती संपली, आणि ती संपायच्या आधी कोणी काय ठरवायला हवं होतं, ते आज बघू. सुरुवात सगळ्यात लहान सर्व्हरपासून, म्हणजे व्हीपीएसपासून करू. तो समजला की मोठं पोर्टलही समजतं.

व्हीपीएस म्हणजे भाड्याची खोली

व्हीपीएस म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर. डेटा सेंटरमध्ये एक मोठं मशीन असतं. त्यावर हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर बसवतात (केव्हीएम हे त्यातलं एक प्रसिद्ध नाव). हे सॉफ्टवेअर एका मशीनचे अनेक ‘आभासी’ कॉम्प्युटर करतं. त्यातला एक तुम्ही महिन्याच्या भाड्याने घेता. तुमची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, पासवर्ड वेगळा, फाइली वेगळ्या. खोली तुमची, पण इमारत, पाण्याची टाकी आणि जिना सगळ्यांचा.

जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘२ व्हीसीपीयू, ४ जीबी रॅम, ८० जीबी एसएसडी’. नवीन माणूस हे मोबाइलच्या डब्यावर लिहिलेल्यासारखं वाचतो. मोबाइलमधला प्रोसेसर अख्खा तुमचा असतो. व्हीसीपीयू तसा नसतो. तो बहुतेक वेळा खऱ्या कोअरच्या एका थ्रेडवरचा वाटा असतो, आणि स्वस्त प्लॅनमध्ये तोच थ्रेड आणखी दोन-चार भाडेकरूंनाही दिलेला असू शकतो. सगळे एकदम काम करत नाहीत, या हिशोबावर हा धंदा चालतो. लग्नाच्या हॉलमध्ये हजार लोकांना निमंत्रण असतं आणि पंगत दोनशेची असते, तसंच हे.

लिनक्सवर ‘टॉप’ नावाची कमांड चालवली की वरच्या ओळीत ‘एसटी’ असं दोन अक्षरी लेबल आणि शेजारी आकडा दिसतो. त्याला स्टील टाइम म्हणतात. तुमचं काम तयार होतं, पण खरा सीपीयू तेव्हा शेजाऱ्याकडे होता, असा गेलेला वेळ. हा आकडा सतत पाच-दहा टक्क्यांवर राहत असेल तर तुमच्या कोडमध्ये दोष शोधण्यात अर्थ नाही. खोली बदला.

सीपीयूची मर्यादा: वेळेचा वाटा

सीपीयू टाकीतल्या पाण्यासारखा साठवून ठेवता येत नाही. त्याची वाटणी वेळेत होते. लिनक्समध्ये एखाद्या प्रोग्रामला ‘अर्धा सीपीयू’ द्यायचा असेल तर नियम असा लिहितात: दर १०० मिलिसेकंदांत तुला ५० मिलिसेकंद. ते ५० संपले की उरलेले ५० मिलिसेकंद तो प्रोग्राम गप्प बसतो, शेजारी सीपीयू मोकळा असला तरी. म्हणून मर्यादा लावलेली साइट पूर्ण बंद पडत नाही. ती अडखळत चालते, आणि वापरणाऱ्याला गोल गोल फिरणारं चक्र दिसतं.

दुसरा प्रकार आहे क्रेडिटचा. ॲमेझॉनच्या क्लाउडवर (मुंबईत त्यांचं केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झालं) ‘टी-३ मायक्रो’ नावाचा छोटा सर्व्हर मिळतो. त्यात दोन व्हीसीपीयू दिसतात, पण कायमचा हक्क प्रत्येकाच्या फक्त १० टक्क्यांवर असतो. काम नसताना तासाला १२ क्रेडिट जमा होतात. एक क्रेडिट म्हणजे एका व्हीसीपीयूचं एक मिनिट पूर्ण जोरात काम. जास्तीत जास्त २८८ क्रेडिट साठतात.

आता हिशोब करा. दोन्ही व्हीसीपीयू पूर्ण जोरात चालले तर तासाला १२० क्रेडिट जातात आणि १२ येतात. म्हणजे १०८ ची घट. २८८ भागिले १०८, साधारण २ तास ४० मिनिटं. साइट सकाळी ११ ला सुरू केली, गर्दी झाली, सगळं झकास चाललं. पावणेदोनला मात्र ती एकदम दहा टक्क्यांवर येते. कोड तोच, गर्दी तीच. ‘आत्ता तर चालत होतं’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. याच सर्व्हरला ‘अनलिमिटेड’ मोडही आहे. त्यात वेग कमी होत नाही, जास्तीच्या वापराचं बिल येतं. म्हणजे मर्यादा दोन्हीकडे आहे. एकीकडे ती वेगाला लागते, दुसरीकडे खिशाला.

डिस्कच्या दोन मर्यादा, आणि लोक एकच बघतात

मोबाइलचं स्टोरेज भरलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. फोटो निघत नाही, व्हॉट्सॲप मेसेज घेत नाही, अपडेट अडतं. सर्व्हरचंही तेच होतं, फक्त परिणाम मोठा. डेटाबेसला नवीन नोंद लिहायला जागा मिळत नाही. लॉगिन केल्याची खूण ठेवायला जागा मिळत नाही. साइट उघडते, पण ‘सबमिट’ दाबलं की एरर येतो.

जागा सहसा वापरणाऱ्यांचा डेटा खात नाही. खातात ते लॉग. सर्व्हरवर येणाऱ्या प्रत्येक विनंतीची एक ओळ फाइलमध्ये लिहिली जाते. मीही या खड्ड्यात पडलो आहे. इंजिनिअरिंग संपल्यावर दोन वर्षांनी मी एका ओळखीच्या दुकानासाठी २५ जीबी डिस्कच्या व्हीपीएसवर ऑर्डर घेण्याची छोटी साइट टाकली होती. जुने लॉग पुसणारी सेटिंग करायची राहून गेली. चार महिन्यांनी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात साइट ऑर्डर घेईना. सीपीयू बघितला, तो तीन टक्के. रॅम मोकळी. अर्धा दिवस मी कोडमध्ये चूक शोधत बसलो. शेवटी डिस्क बघितली, १०० टक्के. दुकानदाराचे हंगामाचे दोन दिवस गेले. चूक माझी, नुकसान त्याचं. ती मर्यादा पहिल्या दिवसापासून समोर लिहिलेली होती, मी बघितली नव्हती.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. कधी कधी डिस्कवर जागा दिसते, तरी नवीन फाइल बनत नाही. कारण एक्स्ट-४ सारख्या फाइल सिस्टीममध्ये फाइलींची संख्यासुद्धा ठरलेली असते. प्रत्येक फाइलला आयनोड नावाची एक नोंद लागते. लाखो बारीक फाइली झाल्या की जागा शिल्लक असतानाच नोंदी संपतात. गोडाऊन अर्धं रिकामं, पण पावतीपुस्तक संपलं, असं काहीसं.

हे झालं जागेचं. दुसरी मर्यादा वेगाची, आणि तिच्याकडे कोणी बघतच नाही. डिस्क एका सेकंदात किती वेळा वाचू-लिहू शकते, या आकड्याला आयओपीएस म्हणतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची मजल सेकंदाला शंभराच्या आसपास. ॲमेझॉनच्या जीपी-३ डिस्कला मुळात ३,००० मिळतात आणि सेकंदाला १२५ एमबी. जास्त हवे तर जास्त पैसे.

डिस्क अडली की सीपीयू रिकामा दिसतो, आणि तरी साइट मरते. सगळे प्रोग्राम डिस्ककडे तोंड करून रांगेत उभे असतात. लिनक्सचा ‘लोड’ आकडा या रांगेतल्यांनाही मोजतो. म्हणून लोड ४० आणि सीपीयू पाच टक्के असं विचित्र चित्र दिसतं. ते दिसलं की समजायचं, गडबड डिस्कमध्ये आहे.

आता मोठा हिशोब

२०२१ मध्ये दहावीची परीक्षाच झाली नव्हती, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. १६ जुलै २०२१, दुपारी एक. पावणेसोळा लाखांच्या आसपास विद्यार्थी, निकाल ९९.९५ टक्के. म्हणजे जवळपास सगळे पास, आणि तरीही सगळ्यांना तो त्याच मिनिटाला बघायचा होता. मंडळाने दिलेली संकेतस्थळं कित्येक तास उघडली नाहीत. तेव्हाच्या शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी दिलगिरी व्यक्त केली.

आपण फक्त समजण्यापुरता हिशोब मांडू. धरा की १५.७५ लाख मुलं पहिल्या दहा मिनिटांत आली, आणि प्रत्येकाने पेज एकदा उघडून चार वेळा रिफ्रेश केलं. झाल्या ७८.७५ लाख विनंत्या. भागिले ६०० सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे १३,१००.

आता सीपीयू. प्रत्येक विनंतीला डेटाबेसमध्ये जाऊन गुण शोधून पेज तयार करायला २० मिलिसेकंद लागत असतील, तर एक कोअर सेकंदाला ५० विनंत्या भागवतो. लागतील २६० च्या वर कोअर. तेच निकालाचं प्रत्येक पान आदल्या रात्रीच तयार करून साध्या फाइलीसारखं ठेवलं आणि ते द्यायला एक मिलिसेकंद लागलं, तर १३-१४ कोअरमध्ये भागतं. गर्दी तेवढीच, खर्च वीसपट कमी.

आता डिस्क. प्रत्येक विनंतीमागे डिस्कवर एकदाच लिहायचं ठरवलं आणि डिस्क सेकंदाला ३,००० वेळा लिहिणारी असली, तर दर सेकंदाला दहा हजार विनंत्या मागे राहतात. एका मिनिटात रांगेत सहा लाख. आणि इथेच खरी गंमत आहे. ज्याचं पेज उघडलं नाही तो पुन्हा रिफ्रेश करतो. त्याची आधीची विनंती रांगेत तशीच पडून असते, तिच्यावर सर्व्हर काम करतच राहतो, पण ते उत्तर घ्यायला आता कोणी थांबलेलं नसतं. सर्व्हर पूर्ण जोरात राबतो आणि कोणालाच काही मिळत नाही.

थ्री फेज आली, डीपी गेली

आपल्याकडे हे सगळ्यांनी शेतात बघितलेलं आहे. अंजनगावच्या पट्ट्यात संत्र्याला, केळीला, पानपिंपळीला ओलित लागतं. थ्री फेज लाइन ठरलेल्या तासांनाच येते. ज्याने त्याने मोटरला ऑटो स्टार्टर बसवलेला. लाइन आली रे आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी त्याच सेकंदाला सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते. सगळ्या मोटारी चालू राहिल्या असत्या तर कदाचित डीपीने सोसलंही असतं, पण सगळ्या एकदम सुरू होणं तिला सोसत नाही. फ्यूज नीट असेल तर फ्यूज जातो आणि तासाभरात काम होतं. फ्यूजच्या जागी कोणी जाड तार गुंडाळली असेल तर डीपीच जळते, आणि मग आठ-पंधरा दिवस सगळ्यांचीच पिकं सुकतात.

सर्व्हरवरची मर्यादा म्हणजे तो फ्यूज. ‘लिमिट’ म्हटलं की आपल्याला कंजुषी आठवते, कारण आपल्याला लिमिट भेटते ती रिचार्जच्या दीड जीबीमध्ये. पण सर्व्हर चालवणाऱ्यासाठी मर्यादा हे संरक्षण आहे. एका वेळी किती विनंत्या आत घ्यायच्या, एका प्रोग्रामने किती सीपीयू खायचा, बॅकअपने डिस्कचा किती वेग घ्यायचा, लॉग किती जीबीला थांबायचा, हे आधी ठरवलं तर गर्दीत काही लोक बाहेर थांबतात, आणि आतल्यांचं काम होतं. ठरवलं नाही तर सगळे आत येतात आणि कोणाचंच होत नाही. वर डेटाबेसही अर्धवट लिहिलेला राहतो, तो निस्तरायला वेगळे दिवस.

लिनक्समध्ये हे काम करणारी सोय आहे सीग्रुप, म्हणजे कंट्रोल ग्रुप. २००६ मध्ये गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ या अभियंत्यांनी तिच्यावर काम सुरू केलं, आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल २.६.२४ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. आज डॉकर असो की कुबरनेटीस, सगळ्यांच्या पोटात तीच आहे.

आणि ती तुमच्या खिशातही आहे. अँड्रॉइड लिनक्सवरच चालतो. स्क्रीनवर दिसणारं ॲप एका गटात असतं, मागे गेलेली ॲप्स दुसऱ्या गटात, आणि मागच्या गटाला कमी कोअर मिळतात. म्हणून मागे वीस ॲप्स उघडी असली तरी फोन आला की रिंग वाजते. कोणाला आधी द्यायचं हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलं आहे. सरकारी पोर्टलकडून आपण एवढीच अपेक्षा करतो.

मोठं मशीन घ्या, एवढंच उत्तर आहे का?

पोर्टल बसलं की पहिली मागणी असते सर्व्हरची क्षमता वाढवण्याची. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. वर्षातले चार दिवस लागणारे २६० कोअर वर्षभर विकत घेऊन ठेवणं हा जनतेचाच पैसा आहे. क्लाउडवर ते चार दिवसांपुरते घेता येतात. पण त्या २६० कोअरच्या मागे डेटाबेसची एकच डिस्क असेल तर पुन्हा तिथेच अडणार. नळ वाढवले म्हणून टाकीचं पाणी वाढत नाही.

दुसरी बाजू गर्दीची. ती कमी करता येते, आणि ती करायला एकही कोअर लागत नाही. अकरावीच्या नियमित फेऱ्यांत जागा मिळते ती गुणांवर आणि पसंतीक्रमावर. अर्ज पहिल्या मिनिटाला भरला की तिसऱ्या दिवशी, याने गुणवत्ता यादीत काहीच फरक पडत नाही. हे वाक्य पोर्टलच्या पहिल्या पानावर, शाळेच्या फळ्यावर आणि मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठ्या अक्षरात आलं, तर पहिल्या तासाची अर्धी भीती जाईल. भीती गेली की रिफ्रेश कमी. नोंदणीचे दिवस विभागवार वाटता येतात: आज अमरावती विभाग, उद्या नागपूर, परवा लातूर. शेवटची तारीख सगळ्यांची एकच ठेवायची. थ्री फेजचे तास फीडरप्रमाणे वाटून देतात, तसंच हे.

अशी वाटणी वऱ्हाडाला नवीन नाही. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयने हमीभावाच्या कापूस खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आणि स्लॉट बुकिंग आणलं. ॲपबद्दल तक्रारी असतील, त्यावर वेगळं बोलता येईल. पण स्लॉटमागची कल्पना बरोबर आहे: केंद्रावर एका दिवसात जेवढा कापूस मोजता येतो तेवढ्याच गाड्यांना बोलवा. वेबसाइटच्या भाषेत याला वेटिंग रूम म्हणतात. रेल्वेच्या तिकिटापासून मोठ्या सेलपर्यंत सगळीकडे हीच पद्धत आहे. ‘तुमचा नंबर इतका, अंदाजे इतकी मिनिटं’ हे दाखवणारं पान अगदी हलकं असतं, छोटा सर्व्हरही ते लाखो लोकांना देऊ शकतो. आणि नंबर दिसला की माणूस रिफ्रेश दाबत नाही. जाऊन चहा पिऊन येतो.

२०२१ मधून लगेच एक धडा घेतलाही गेला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला बारावीचा निकाल लागला तेव्हा तो अनेक संकेतस्थळांवर वाटून दिला होता. अलीकडे डिजिलॉकरवरही गुणपत्रिका मिळते. निकाल फक्त ‘वाचायचा’ असतो, म्हणून त्याच्या प्रती करून वाटणं सोपं. प्रवेश अर्ज मात्र ‘लिहायचा’ असतो. लिहिलेलं शेवटी एकाच डेटाबेसमध्ये जायला हवं, दोन ठिकाणी वेगवेगळं लिहून चालत नाही. म्हणून निकालाचं दुखणं बरंचसं बरं झालं तरी अर्जाचं दुखणं राहतं. तिथे डिस्कचा वेग आणि रांग यांचं नियोजन हाच उपाय आहे.

किंमत कोण मोजतं?

मर्यादा आधी ठरवली नाही म्हणजे मर्यादा नसते असं नाही. ती गर्दीत आपोआप ठरते, आणि ज्याचं नेट कमजोर त्याच्या विरोधात ठरते. घरात फायबर असलेला पुण्यातला मुलगा मिनिटाला दहा रिफ्रेश मारतो, कधीतरी आत शिरतो. मोबाइलच्या एका काडीवर असलेल्या मुलीचं पेज अर्धं येऊन वेळ संपते, पुन्हा पहिल्यापासून सुरू. शिवाय तिच्याकडे उद्या पुन्हा तालुक्याला यायचे पैसे असतीलच असं नाही. आधी ठरवलेली रांग दोघांना एकच नंबर देते. तांत्रिक सेटिंग वाटणारी ही गोष्ट शेवटी न्यायाची ठरते, ती अशी.

म्हणून पोर्टल बसल्यावर ‘तांत्रिक अडचण’ एवढ्या उत्तरावर आपण थांबू नये. तीन साधे प्रश्न विचारता येतात. किती लोक येतील असं धरलं होतं आणि किती आले? आधी तेवढ्या भाराची चाचणी घेतली होती का? आणि जेवढे तास पोर्टल बंद होतं तेवढी मुदत आपोआप वाढणार का? चांगल्या सॉफ्टवेअर कंपन्या मोठा घोटाळा झाल्यावर काय तुटलं, का तुटलं याचा लेखी अहवाल ग्राहकांसाठी जाहीर करतात. जनतेच्या पैशाच्या पोर्टलला तोच नियम लावायला हरकत नसावी.

आज तुम्ही काय करू शकता

*अर्ज भरणाऱ्यांसाठी.* स्क्रीनवरचा आकडा वाचा. ५०३ म्हणजे सर्व्हर सध्या नवीन काम घेत नाही. ५०४ म्हणजे तुमचं काम आत गेलं, पण आतून वेळेत उत्तर आलं नाही. ५०४ आला आणि तुम्ही ‘सबमिट’ किंवा ‘पेमेंट’ दाबलेलं असेल, तर लगेच पुन्हा दाबू नका. अर्ज कदाचित नोंदला गेलेला असतो, पुन्हा दाबलं की पैसे दोनदा कटू शकतात. दहा मिनिटांनी लॉगिन करून स्थिती बघा. ४२९ म्हणजे तुम्हीच फार वेळा दाबताय, थांबा. प्रत्येक वेळी तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, मुदतवाढ मागताना तोच पुरावा. आणि जमलं तर रात्री दहानंतर किंवा पहाटे भरा.

*स्वतःचा व्हीपीएस असणाऱ्यांसाठी.* कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा गावातल्या एखाद्या दुकानासाठी बरीच मुलं आता महिना काही शे रुपयांचा व्हीपीएस घेतात. पहिल्याच दिवशी एवढं करा:

१. ‘टॉप’ उघडा. सीपीयू, लोड आणि ‘एसटी’ हे तीन आकडे निवांत वेळी काय असतात ते वहीत लिहून ठेवा. आजारी माणसाचा ताप कळायला आधी नेहमीचं तापमान माहीत हवं.

२. ‘डीएफ’ कमांडने जागा बघा, आणि त्याच कमांडला ‘आय’ पर्याय देऊन आयनोड बघा. ८० टक्क्यांवर गेलं की मेसेज येईल असा अलर्ट लावा.

३. ‘लॉगरोटेट’ सुरू आहे का तपासा. जुने लॉग किती दिवसांनी पुसायचे ते ठरवा. मोठी लॉग फाइल डिलीट करूनही जागा मोकळी झाली नाही, तर तो प्रोग्राम रीस्टार्ट करा. त्याने ती फाइल उघडी धरून ठेवलेली असते.

४. वेब सर्व्हरचे वर्कर कोअरच्या आणि रॅमच्या हिशोबात ठेवा. दोन कोअरवर दोनशे वर्कर म्हणजे दोन चुलींवर दोनशे पातेली.

५. बॅकअप आणि रिपोर्टसारखी जड कामं रात्री चालवा आणि त्यांना सिस्टीमडीमधून सीपीयू कोटा द्या. मुख्य साइटला आधी, बाकीच्यांना उरलेलं.

६. प्लॅन घेताना ‘अनलिमिटेड’ शब्द दिसला तर अटींचं पान उघडा. ‘योग्य वापर’ किंवा तशाच नावाखाली खरी मर्यादा तिथे लिहिलेली असते.

या सहा गोष्टींना एक दुपार लागते. माझ्याकडून ती दुपार वाचवली गेली, आणि दुकानदाराची दिवाळी गेली.

पुढचा निकाल लागेल, पुढचं प्रवेशाचं सत्र येईल, आणि गर्दी तेवढीच असेल. विद्यार्थी किती आहेत हे शिक्षण मंडळाला महिनोन्‌महिने आधी, अगदी एकेका आसन क्रमांकासकट माहीत असतं. एवढी आधीपासून मोजलेली गर्दी क्वचितच कुठल्या वेबसाइटच्या वाट्याला येते. तेव्हा पुढच्या वेळी नेट कॅफेत ‘सर्वर डाऊन हाय’ ऐकलं, तर एकदा विचारा: सीपीयू संपला, डिस्क संपली, की हिशोबच मांडला नव्हता?